इंग्लंडमधली कम्प्युटिंगची फाउंडेशन डिग्री: कुणी घ्यावी, मार्क कुठे मिळतात आणि कुठे जातात

लेस्टरकर

दर ऑगस्टमध्ये ए-लेव्हलचे (इथल्या बारावीचे) निकाल लागले की इकडच्या मराठी ग्रुपांवर एक प्रश्न हमखास फिरतो. “मार्क कमी पडले, कॉलेजवाले फाउंडेशन म्हणतायत, घ्यावं का?” निम्मी उत्तरं फाउंडेशन इयरबद्दल असतात, निम्मी फाउंडेशन डिग्रीबद्दल, आणि विचारणारा दोन्हींची भेळ घेऊन घरी जातो. म्हणून हा वेगळा धागा. बोलू ते फक्त इंग्लंडपुरतं आणि फक्त कम्प्युटिंगपुरतं. स्कॉटलंडची पद्धत निराळी आहे, ती इथे नको.

फाउंडेशन इयर म्हणजे तीन वर्षांच्या पदवीआधी जोडलेलं शून्यावं वर्ष. त्याची पातळी लेव्हल ३, म्हणजे ए-लेव्हलइतकीच. फाउंडेशन डिग्री ही स्वतंत्र पात्रता आहे, लेव्हल ५. डेव्हिड ब्लंकेट शिक्षणमंत्री असताना २००० साली ती जाहीर झाली आणि २००१ पासून वर्ग भरायला लागले. नोकरीत लगेच उभा राहू शकेल असा माणूस दोन वर्षांत तयार करायचा, हा तिचा मूळ हेतू. म्हणून कामावर आधारित शिक्षण तिच्यात असावंच लागतं.

एकूण २४० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप). पहिल्या वर्षी लेव्हल ४ चे १२०, दुसऱ्या वर्षी लेव्हल ५ चे १२०. पूर्णवेळ दोन वर्षं, अर्धवेळ बहुधा तीन. पहिलं वर्ष पूर्ण करून सोडलंत तर साधारणपणे सर्टिफिकेट ऑफ हायर एज्युकेशन हातात पडतं, अगदी रिकाम्या हाताने जावं लागत नाही. दोन्ही वर्षं झाल्यावर आणखी एक वर्ष, म्हणजे लेव्हल ६ चा टॉप-अप केला की बीएससी ऑनर्स. वर्ग बहुतेक वेळा गावातल्या फर्दर एज्युकेशन (शाळेनंतरच्या शिक्षणाच्या) कॉलेजात भरतात आणि पदवी जोडलेल्या विद्यापीठाच्या नावाने मिळते. काही कॉलेजांना फाउंडेशन डिग्री स्वतः देण्याचा अधिकारही आहे. २००७ च्या कायद्याने त्याची वाट मोकळी केली.

प्रवेशासाठी ए-लेव्हल किंवा बीटेकचे (इथली व्यवसायाभिमुख पात्रता, भारतातलं बी.टेक. नव्हे) थोडे यूकास पॉइंट (विद्यापीठ प्रवेशाचे गुण) आणि जीसीएसईला (इथल्या दहावीला) गणित-इंग्रजीत ग्रेड ४, एवढ्यावर बऱ्याच ठिकाणी काम भागतं. वय जास्त असेल तर कामाचा अनुभव धरतात. भारतातली दहावी-बारावी असेल तर परदेशी पात्रता ताडून बघणाऱ्या यूके एनिककडून तुलना-पत्र मागू शकतात; २०२१ पर्यंत ही संस्था यूके नॅरिक नावाने ओळखली जायची. जीसीएसई नसेल तर फंक्शनल स्किल्स (व्यवहारातलं गणित-इंग्रजी) लेव्हल २ चालतं का हे कॉलेजला ईमेलवरच विचारा. फोनवरचं “हो चालेल” नंतर कुणाला आठवत नाही.

---

खिडकीतून

उपयुक्त धागा. पण मग एचएनडी (हायर नॅशनल डिप्लोमा) आणि ही यात फरक काय? कॉलेजच्या माहितीपत्रकात दोन्ही शेजारी शेजारी छापलेलं असतं आणि विषयही तेच दिसतात.

---

सेमीकोलन

पातळी तीच, क्रेडिटही तेवढेच. फरक मूल्यमापनात आहे, आणि तो रोजच्या अभ्यासात जाणवतो.

एचएनडी पिअर्सन या परीक्षा मंडळाचं. तिथे प्रत्येक युनिटला पास, मेरिट, डिस्टिंक्शनचे निकष ओळीने लिहिलेले असतात. पासचे सगळे निकष पुरे झाल्याशिवाय युनिट पास नाही. बाकी काम कितीही देखणं असू दे, पासचा एक निकष राहिला की काम परत येतं. फाउंडेशन डिग्रीत टक्के असतात. ४० ला पास, आणि बऱ्याच विद्यापीठांत ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. एक भाग कच्चा राहिला तरी दुसरा भाग सांभाळून नेतो. मात्र काही मॉड्यूलांत (विषयांत) प्रत्येक घटकात किमान मार्कांची अट असते, ती मॉड्यूल हँडबुकात आधी शोधायची.

दुसरं, एचएनडी कुठल्याही विद्यापीठाला दाखवून टॉप-अप मागता येतो. फाउंडेशन डिग्रीचा टॉप-अप आपल्याच विद्यापीठात सरळ असतो, दुसरीकडे गेलात तर मॉड्यूलं जुळतात का हे बघतात. जाहिरातीत एचटीक्यू, म्हणजे हायर टेक्निकल क्वालिफिकेशनचा शिक्का दिसला तर चांगली खूण. उद्योगांच्या मानकांशी अभ्यासक्रम ताडून तो दिला जातो, २०२२ पासून ही पद्धत आहे आणि डिजिटल विषय त्यात पहिल्या तुकडीत होते.

---

डोंबिवली_टू_स्लाव

भारतातून बी.कॉम. किंवा बी.ए. झालेल्या आणि इथे जोडीदाराच्या डिपेंडंट व्हिसावर असलेल्यांनी ही करावी का? आयटीत शिरायचं आहे.

---

हिशेबनीस

बहुतेकांनी करू नये. कारण पैशाचं आहे.

स्किल्ड वर्कर व्हिसावाल्याच्या डिपेंडंटला शिकायला बंदी नाही, पण स्टुडंट फायनान्स (सरकारी शिक्षणकर्ज) मिळत नाही आणि फी सहसा परदेशी दराची लागते. आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) मिळून इथला तीन वर्षांचा सलग रहिवास असेल तर होम फी (इथल्यांचा दर) आणि कर्ज. पण आधीची पदवी इथे आडवी येते. समान किंवा वरची पात्रता हातात असेल तर खालच्या कोर्सला कर्ज नाही. ती पदवी परदेशातली असली, स्वतःच्या पैशांनी केलेली असली तरी मोजली जाते. यात विज्ञान, अभियांत्रिकी, कम्प्युटिंगच्या अर्धवेळ ऑनर्स पदवीला सूट आहे. ती सूट आहे म्हणून फाउंडेशन डिग्रीचा फॉर्म भरायला जाऊ नका.

पदवीधराने बघावा तो कन्व्हर्जन एमएससी. एमएससी कम्प्युटिंग नावाचे एक वर्षाचे कोर्स मुद्दाम दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांसाठी असतात. आयएलआरवाल्यांना त्यासाठी पोस्टग्रॅज्युएट लोन वेगळं मिळतं.

मुलांसाठी एक कमी माहीत असलेला नियम. आयएलआर नसलं तरी दीर्घ रहिवासाची वाट आहे. १८ वर्षांखालचा विद्यार्थी किमान ७ वर्षं इथे राहिलेला असेल, किंवा १८ च्या वरचा निम्मं आयुष्य किंवा २० वर्षं इथे राहिलेला असेल, आणि कोर्सच्या आधीची ३ वर्षं कायदेशीर रहिवास असेल, तर कर्जाला अर्ज करता येतो. पासपोर्टवरचे जुने शिक्के, शाळेची पत्रं, जीपीची नोंदणी हे सगळं एका फाइलीत ठेवा. पुरावे मागतातच.

फीचं म्हणाल तर इंग्लंडात २०२५-२६ ला कमाल मर्यादा ९,५३५ पौंड होती. कॉलेजं बऱ्याचदा त्याहून कमी घेतात, आणि फाउंडेशन डिग्रीचा खरा आर्थिक फायदा तोच. त्यात घरून जाता येतं. कर्जाची परतफेड प्लॅन ५ च्या नियमांनी: २५,००० पौंडांच्या वरच्या कमाईवर ९ टक्के, आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ.

---

खिडकीतून

आणि थेट भारतातून स्टुडंट व्हिसावर यायचं असेल तर?

---

हिशेबनीस

नको. पदवीखालच्या पातळीवर स्टुडंट व्हिसाची एकूण मुदत साधारण दोन वर्षांची. पुढचा ग्रॅज्युएट व्हिसा बॅचलर किंवा त्याच्या वरच्यालाच मिळतो, नुसत्या फाउंडेशन डिग्रीवर नाही. जोडीदाराला आणायचं दार तर २०२४ पासून संशोधनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुरतंच उघडं आहे, सरकारी शिष्यवृत्तीवाले काही अपवाद वगळता. आणि परत गेल्यावर एमसीएला किंवा पदवी मागणाऱ्या सरकारी परीक्षांना दोन वर्षांची ही पात्रता पदवी म्हणून चालत नाही. एजंट हे सांगत नाहीत, कारण त्यांचं कमिशन प्रवेशावर असतं.

---

सेमीकोलन

पैशाचं पुरे. आता वेळेचं, कारण नोकरी करून शिकणारे तिथेच फसतात.

१ क्रेडिट म्हणजे १० तास. २० क्रेडिटचं मॉड्यूल म्हणजे २०० तास. त्यात वर्गातले तास थोडे, बाकी सगळे तुमचे. पूर्णवेळ वर्षाचे १२०० तास ३० आठवड्यांवर पसरले की आठवड्याला ४० होतात. अर्धवेळ वर्षाला ८० क्रेडिट धरले तर ८०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण २७. “आठवड्यातला एक दिवस आणि एक संध्याकाळ” असं छापलेलं असतं ते फक्त वर्गाचं वेळापत्रक. उरलेले अठरा-एकोणीस तास कुठून येणार, हे घरात बसून आधी ठरवा. त्याशिवाय नोव्हेंबरात तीन असाइनमेंट एकाच आठवड्यात येतात, कारण प्रत्येक शिक्षक आपली तारीख स्वतंत्रपणे टाकतो. सप्टेंबरातच सगळ्या ब्रीफांच्या (असाइनमेंटच्या सूचनापत्रांच्या) तारखा एका कागदावर मांडा.

---

पावतीपुस्तक

डेटाबेसच्या मॉड्यूलबद्दल लिहितो. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त मार्क इथे मिळवता येतात, आणि नॉर्मलायझेशन (पुनरावृत्ती टाळून माहितीचे तक्ते पाडणं) व्याख्येने पाठ केलं की तिथेच जातात.

मंडळाच्या गणेशोत्सवाची नोंदवही घ्या. एका ओळीत कुटुंब क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव, वर्गणी गोळा करणारा स्वयंसेवक, स्वयंसेवकाचा फोन आणि “कार्यक्रम” नावाचा रकाना. त्या रकान्यात लिहिलेलं आहे: आरती, नाटक, महाप्रसाद.

एका रकान्यात तीन गोष्टी, म्हणजे पहिला नॉर्मल फॉर्मच नाही. नाटकाला किती कुटुंबं, हे विचारायला अक्षरं शोधत बसावं लागेल. म्हणून एक कुटुंब-एक कार्यक्रम अशी ओळ करायची. आता किल्ली (प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची खूण) दोन रकान्यांची झाली: कुटुंब क्रमांक आणि कार्यक्रम क्रमांक. पण कार्यक्रमाचं नाव आणि तिकीट फक्त कार्यक्रम क्रमांकावर ठरतं, कुटुंबाशी त्याचा संबंध नाही. किल्लीच्या अर्ध्या भागावर अवलंबून, म्हणून दुसऱ्या फॉर्मसाठी कार्यक्रमाचा वेगळा तक्ता. कुटुंबाचं नाव आणि स्वयंसेवकही तसेच कुटुंबाच्या तक्त्यात. राहिला स्वयंसेवकाचा फोन. तो कुटुंबावरून नाही, स्वयंसेवकावरून ठरतो. त्याला बाहेर काढला की तिसरा फॉर्म.

इथपर्यंत सगळे लिहितात. पुढचं सहसा कुणी लिहीत नाही, आणि मार्क त्याचे असतात: न काढल्यास काय बिघडेल? स्वयंसेवकाने फोन बदलला तर चाळीस ओळी बदलाव्या लागतील आणि एखादी राहील. त्याच्याकडचं एकमेव कुटुंब गाव सोडून गेलं आणि ओळ पुसली, तर त्याचा फोनही गेला. नवा स्वयंसेवक आला पण कुटुंबं अजून नेमली नाहीत, तर त्याची नोंद करायला जागाच नाही. प्रत्येकाचं उदाहरण आपल्याच डेटातून द्या.

आणखी तीन खाचखळगे. इंग्लंडचे मोबाइल नंबर शून्याने सुरू होतात. रकाना पूर्णांकाचा ठेवला की तो शून्य गायब. फोन हा मजकूर आहे, त्याची बेरीज कुणी करत नाही. रक्कम फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) नको, डेसिमलमध्ये. आणि पावतीवर घेतलेली रक्कम पावतीच्याच तक्त्यात साठवा. तिकीट फक्त कार्यक्रमाच्या तक्त्यात असेल, तर पुढच्या वर्षी दर वाढवला की गेल्या वर्षीच्या सगळ्या पावत्या आपोआप महाग होतात. याला कुणी पुनरावृत्ती म्हणालं तर भांडा. ही त्या दिवशीची नोंद आहे. मूल्यमापनाच्या परिच्छेदात एवढं एक वाक्य टाकलं तरी लेव्हल ५ ची समज दिसते.

---

खिडकीतून

वर्गणीच्या उदाहरणाने एकदम डोक्यात बसलं. नेटवर्किंगचंही कुणीतरी असंच सांगा. सबनेटिंगला मुलं घाबरतात.

---

राउटरवाला

सबनेटिंगला, म्हणजे एका नेटवर्कचे छोटे गट पाडण्याला, घाबरण्याचं कारण एकच, क्रम चुकतो.

ब्रीफमध्ये साधारण असं असतं: १९२.१६८.१०.०/२४ हे नेटवर्क दिलंय, चार विभागांना ६०, २८, १२ आणि २ पत्ते हवेत. तिरक्या रेषेपुढचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान. मोठ्यापासून वाटायचं. ६० ला ६४ चा गट, /२६, ० ते ६३. २८ ला ३२ चा गट, /२७, ६४ ते ९५. १२ ला १६ चा गट, /२८, ९६ ते १११. २ ला ४ चा गट, /३०, ११२ ते ११५. प्रत्येक गटात पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, ते कुणाला द्यायचे नाहीत.

छोट्यापासून सुरू केलं की /३० ला ० ते ३ जातो, आणि मग मुलं /२८ चा गट ४ पासून सुरू करतात. तसा गट असूच शकत नाही. १६ चा गट १६ च्या पटीवरच सुरू होतो. राउटरवर तो पत्ता टाकला की दुसऱ्या इंटरफेसशी ओव्हरलॅप होतो अशी तक्रार येते, आणि मुलं पॅकेट ट्रेसरला (नेटवर्कच्या सरावाच्या सॉफ्टवेअरला) शिव्या घालतात.

दुसरा सापळा गेटवेचा, म्हणजे गटाबाहेर नेणाऱ्या राउटरच्या पत्त्याचा. “६२ संगणक” लिहिलं असेल तर /२६ मध्ये ६२ च पत्ते वापरता येतात, म्हणून बसलं असं वाटतं. राउटरच्या इंटरफेसलाही त्याच गटातला एक पत्ता लागतो. ६३ झाले, /२६ अपुरा, /२५ घ्यावा लागतो.

आता पिंग, म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक मारून जोडणी तपासणं. गटातल्या गटात चालतं, बाहेर जात नाही: संगणकावर डिफॉल्ट गेटवे टाकलेला नाही, किंवा चुकीचा आहे. काहीच जात नाही आणि राउटरच्या तारेवर लाल ठिपका: इंटरफेस बंद आहे, “नो शटडाउन” द्यायचं राहिलं. सिस्कोच्या राउटरचे इंटरफेस मुळात बंदच असतात. पहिलं पिंग टाइमआउट आणि पुढची तीन बरोबर: काही बिघडलेलं नाही, समोरच्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) शोधण्यात पहिलं पाकीट गेलं. रिपोर्टमध्ये चारपैकी तीनचाच स्क्रीनशॉट लावा आणि कारण खाली एका ओळीत लिहा. पुन्हा पिंग करून चारही हिरवी दाखवणाऱ्यापेक्षा जास्त मार्क पडतात.

---

सेमीकोलन

राउटरवाल्यांचा शेवटचा मुद्दा प्रोग्रामिंगलाही लागू. टेस्टिंगच्या तक्त्यात सगळे रकाने “पास” असलेलं काम तपासनीसाला पटत नाही. तक्त्यात क्रमांक, काय तपासलं, कुठला इनपुट, काय अपेक्षित, काय आलं, काय दुरुस्त केलं आणि पुन्हा तपासल्यावर काय आलं, असे रकाने हवेत. इनपुट तीन जातीचे: सामान्य, सीमेवरचे आणि चुकीचे. वय १८ ते ६५ घ्यायचं असेल तर ३०. मग १७, १८, ६५, ६६. मग “अठरा” हा शब्द, रिकामी जागा आणि उणे ५. पायथॉनमध्ये इनपुट थेट पूर्णांकात बदललं की “अठरा” शब्दावर प्रोग्राम व्हॅल्यू-एरर देऊन कोसळतो. तो कोसळलेला स्क्रीनशॉट पुसू नका, दुरुस्तीआधीचा पुरावा म्हणून ठेवा.

सबमिशनला मार्क जाण्याची कारणं तर हास्यास्पद असतात. फाइलचा मार्ग आपल्या सी ड्राइव्हपासून पूर्ण लिहिलेला, तपासनीसाच्या मशीनवर ती फाइल नाही, प्रोग्राम पहिल्याच ओळीला मेला. लागणाऱ्या लायब्ररींची यादी दिलेली नाही. किंवा वेब प्रोजेक्टच्या झिपमध्ये नोड मॉड्यूल्सचं (उतरवून घेतलेल्या लायब्ररींचं) अख्खं फोल्डर कोंबलेलं, अपलोडची मर्यादा ओलांडली, आणि घड्याळात ११ वाजून ५८ मिनिटं. झिप बनवली की दुसऱ्या फोल्डरात, शक्य तर दुसऱ्या मशीनवर उघडून चालवून बघा.

---

डोंबिवली_टू_स्लाव

आणि एआय? चॅटजीपीटीने लिहिलेला कोड चालतो का?

---

सेमीकोलन

ब्रीफवर काय लिहिलंय तेच खरं. काही ब्रीफांत पूर्ण बंदी असते, काहींत वापर जाहीर केला तर चालतो. जाहीर करणं म्हणजे कुठल्या भागात, कशासाठी, काय विचारलं आणि काय बदललं हे लिहायचं. इंटरनेटवरून उचललेल्या कोडलाही कॉमेंटमध्ये पत्ता आणि पाहिल्याची तारीख द्यावी लागते, हे अनेकांना माहीतच नसतं.

पकडलं जातं ते बहुतेक व्हायवात (तोंडी परीक्षेत). “ही ओळ काढली तर काय होईल?” एवढाच प्रश्न पुरतो. शिवाय गिटचा, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, इतिहास. सहा आठवड्यांचं काम आणि सगळे कमिट (बदलांच्या नोंदी) शेवटच्या रात्री दोन वाजता, असं असेल तर काम प्रामाणिक असूनही खुलासा द्यावा लागतो. रोजचं थोडं कमिट करा, संदेशात काय केलं ते लिहा. नुसतं “अपडेट” नको.

---

राउटरवाला

थोडा मतभेद. पहिल्या वर्षात एआय पूर्ण बाजूला ठेवावा, परवानगी असली तरी. लेव्हल ४ च्या बंद खोलीतल्या परीक्षेत कागदावर लूप लिहावा लागतो, आणि तिथे सवय नसलेला अडतो. लेव्हल ५ ला वापरा.

---

सेमीकोलन

हे मान्य.

---

लेस्टरकर

कामावर आधारित मॉड्यूलबद्दल व्यनितून प्रश्न आले, इथेच उत्तर देतो. नोकरी नसेल तर अडतं का? बहुतेक कॉलेजं स्वयंसेवी काम धरतात, पण ते कॉलेजने आधी मंजूर केलेलं असावं लागतं. सुरुवातीला विद्यार्थी, शिक्षक आणि संस्था अशा तिघांच्या सह्यांचा करार होतो. त्यात काय शिकायचं, किती तास, देखरेख कुणाची हे लिहिलेलं असतं. सह्यांच्या आधी केलेले तास मोजत नाहीत, हे कुणी सांगत नाही.

स्थानिक मंडळ, मंदिर, चॅरिटी शॉप यांची सदस्ययादी किंवा वेबसाइट हे चांगलं काम आहे. पण सदस्यांचा खरा डेटा रिपोर्टमध्ये येता कामा नये. यूके जीडीपीआर आणि २०१८ चा डेटा प्रोटेक्शन ॲक्ट हे वैयक्तिक माहिती जपण्याचे कायदे छोट्या मंडळालाही लागू आहेत. स्क्रीनशॉटमध्ये खोटी नावं, खोटे पत्ते. सदस्यांना प्रश्नावली द्यायची असेल तर कॉलेजचा एथिक्स फॉर्म मंजूर झाल्यावरच. आधी गोळा केलेली उत्तरं वापरता येत नाहीत, आणि तोवर परत विचारायला माणसं हाताशी नसतात. शाळेत काम करणार असाल तर डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची) तपासणी लागेल, तिला वेळ लागतो.

चिंतनाचा रिपोर्ट बहुतेक गिब्जच्या चक्रावर मागतात: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची योजना. आपली मुलं “काय घडलं” वर निम्मे शब्द घालवतात. मार्क विश्लेषणाचे आणि योजनेचे असतात. वर्णन एक पंचमांशात आटोपा.

---

पावतीपुस्तक

शब्दमर्यादा सहसा दहा टक्के इकडे-तिकडे चालते. उशिराचे नियम मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे, काही ठिकाणी दिवसागणिक मार्क कापतात, काही ठिकाणी सरळ कमाल ४०. नापास होऊन पुन्हा दिलं (रिसिट) तरी कमाल ४० च. आजारपण असेल तर एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेसचा (खास अडचणीचा) अर्ज तारखेच्या आधी किंवा लगेच नंतर, पुराव्यासकट. अर्धवट काम जमा करून मग अर्ज केला तर बऱ्याच ठिकाणी “तुम्ही स्वतःला सक्षम समजून जमा केलंत” असा अर्थ लावतात.

---

खिडकीतून

आणि टॉप-अप? त्याबद्दल कुणीच नीट बोललं नाही.

---

लेस्टरकर

प्रवेश घेतानाच तीन गोष्टी लेखी विचारा. टॉप-अप कुठल्या विद्यापीठात आणि कुठल्या गावात, कारण लेव्हल ६ कित्येकदा गावातल्या कॉलेजात नसतोच. जागा हमखास की टक्क्यांवर. आणि कुठल्या शाखेत: वेब शिकून सायबर सिक्युरिटीचं तिसरं वर्ष मागितलं तर उन्हाळ्यात पूरक मॉड्यूल लावतात किंवा सरळ लेव्हल ५ ला बसवतात.

कामाचं स्वरूपही बदलतं. दोन वर्षं असाइनमेंटमध्ये सगळं तुकड्यातुकड्याने विचारलेलं असतं. लेव्हल ६ ला ४० क्रेडिटचा प्रोजेक्ट समोर येतो आणि विषयही स्वतःच शोधायचा असतो. शोधनिबंध वाचायची सवय नसते. अल्गोरिदमचं गणितही अवघड झालेलं असतं. म्हणून लेव्हल ५ चं काम एखाद्या खऱ्या संस्थेसाठी केलं असेल तर तोच विषय वाढवून घेणं सोयीचं. ऑनर्सचा क्लास (फर्स्ट, सेकंड) कित्येक विद्यापीठांत टॉप-अपवाल्यांना फक्त लेव्हल ६ च्या मार्कांवर मिळतो. पहिल्या दोन वर्षांत कमी पडलेल्याला हे बरं, चांगले मार्क मिळवलेल्याला नाही. नियमावली बघून घ्या.

---

डोंबिवली_टू_स्लाव

शेवटचा प्रश्न. लॅपटॉप कुठला घ्यावा? मॅक चालेल?

---

राउटरवाला

कॉलेजच्या सॉफ्टवेअरच्या यादीवर ठरवा. सी-शार्प आणि एसक्यूएल सर्व्हर शिकवणार असतील तर विंडोजच. मॅकसाठीचं व्हिज्युअल स्टुडिओ ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं. एम-चिपच्या मॅकवर वर्गात दिलेली इंटेलसाठी बनवलेली व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) धड चालत नाहीत. पायथॉन, जावा, वेब एवढंच असेल तर मॅक चालेल. रॅम १६ जीबी, त्याखाली नको, दोन व्हर्च्युअल मशीन एकदम चालवावी लागतात. विंडोज होममध्ये हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) मिळत नाही, त्यासाठी प्रो किंवा एज्युकेशन लागतं. काही कॉलेजं एज्युकेशनची किल्ली फुकट देतात, विकत घेण्याआधी आयटी डेस्कला विचारा. पॅकेट ट्रेसर सिस्को नेटॲकॅडच्या खात्यावर फुकट आहे.

---

डोंबिवली_टू_स्लाव

धन्यवाद. कॉलेजच्या ओपन डेला यादी घेऊनच जाते.